नव्या विमानाची भाषा : मिग-२१ आणि भारतीय वैमानिकांचे स्थित्यंतर

१९६२ च्या ऑगस्ट महिन्यात भारत सरकारने मिग-२१ जातीच्या लढाऊ विमानांसंबंधी सोव्हिएत संघाशी करार केला, तेव्हा त्याची जी चर्चा झाली ती मुख्यतः राजकीय स्वरूपाची होती. पाश्चात्त्य राष्ट्रांचा रोष, अलिप्ततेचे धोरण, परकीय चलनाची टंचाई हे प्रश्न त्या चर्चेत पुढे होते. परंतु ज्यांना हे विमान प्रत्यक्ष चालवावयाचे होते त्यांच्यापुढील प्रश्न निराळा होता, आणि इतिहासकारांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिले आहे असे म्हणता येत नाही. एका जातीच्या वेगवान विमानावर वर्षानुवर्षे हात बसलेला वैमानिक दुसऱ्या जातीच्या विमानावर जातो तेव्हा नेमके काय घडते, हा तो प्रश्न होय.

कराराच्या वर्षाअखेरीस विंग कमांडर दिलबाग सिंग यांच्या नेतृत्वाखाली निवडक वैमानिकांची पहिली तुकडी कझाकस्तानातील लुगोवाया येथील तळावर शिक्षणासाठी गेली. स्क्वाड्रन लीडर वोलेन आणि स्क्वाड्रन लीडर मेहरा हे त्या तुकडीत होते. दिलबाग सिंग व मेहरा हे दोघेही पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले, यावरून निवड कोणत्या प्रतीची होती हे दिसून येते. यांपैकी कोणीही नवशिका नव्हता. हंटर, मिस्तेर यांसारखी स्वनवेगाच्या आसपास जाणारी विमाने त्या पिढीच्या हाताखालून गेली होती. किंबहुना अडचण होती ती येथेच. नवशिक्याला केवळ शिकावयाचे असते; या वैमानिकांना शिकता शिकता विसरावयाचेही होते.

पाठ दुभाष्यांच्या मार्फत चालत आणि उपकरणांवरील अक्षरे रशियन असत. तथापि अनोळखी लिपी हा त्यातल्या त्यात सोपा भाग म्हटला पाहिजे. जे अक्षर वाचताच येत नाही ते मनुष्य सावधपणे वाचतो. खरा धोका होता तो ओळखीच्या आकड्यांत. भारतीय हवाई दलाची घडण ब्रिटिश परंपरेत झालेली. तेथे वेग नॉटमध्ये व उंची फुटांत मोजीत. मिगमध्ये वेग ताशी किलोमीटरांत आणि उंची मीटरांत दाखविलेली असे. हंटरच्या वेगमापकावर काटा ३०० वर असला म्हणजे विमान आकाशात निर्धास्तपणे चालले आहे असे समजावयाचे. मिगमध्ये ३०० म्हणजे जेमतेम १६२ नॉट. धावपट्टीच्या टोकाशी उतरण्याच्या बेतात असतानाचा साधारण वेग तो. आकडा तोच, अर्थ मात्र पूर्ण बदललेला. उंचीमापकावरील १००० म्हणजे येथे सुमारे ३,२८० फूट होत.

भाषेच्या अभ्यासकास हा प्रकार परिचित आहे. मराठी माणूस हिंदी शिकू लागला की त्याला अडवितात ते अपरिचित शब्द नव्हेत. ‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’ यांसारखे शब्द त्याला फसवितात. ते आपलेच आहेत असे वाटते, आणि पलीकडे त्यांचा अर्थ ‘शिक्षण’ व ‘प्रयत्न’ असा असतो. उरिएल वाइनराइख यांनी १९५३ साली भाषासंपर्कावरील आपल्या ग्रंथात पहिल्या भाषेच्या सवयी दुसरीत कशा घुसतात याची मीमांसा केली. तीच मीमांसा विमानकक्षासही लावता येईल, फरक इतकाच की बोलण्यात चुकलेल्या माणसास पुन्हा बोलता येते.

योगायोग असा की, याच सुमारास सारा देशच मापांच्या स्थित्यंतरातून जात होता. मापांचा नवा कायदा १९५६ चा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाली. शेर आणि मण जाऊन किलोग्रॅम आला. तरी पंचवीस पैशांना ‘चार आणे’ म्हणण्याची रीत पुढे कित्येक दशके टिकली. व्यवहारात ही रीत निरुपद्रवी होती, कारण दुकानदार व गिऱ्हाईक दोघांनाही दोन्ही भाषा येत होत्या. स्वनातीत विमानात मनातल्या मनात गुणाकार करावयास सवड नसते. म्हणून वैमानिकाला भाषांतर करणे सोडून नव्या मापातच विचार करावा लागे.

क्षितिजदर्शकाची कथा याहून सूक्ष्म आहे. पाश्चात्त्य उपकरणात विमानाची आकृती स्थिर असते व विमान कलले म्हणजे क्षितिजरेषा कलते. वैमानिक आतून बाहेर पाहतो आहे अशी ती कल्पना. मिग-२१ मधील सोव्हिएत पद्धतीच्या उपकरणात कलताना विमानाची आकृतीच वळते, जणू कोणी मागून विमानाकडे पाहत आहे. दोन्ही पद्धती तर्कशुद्ध आहेत. परंतु ढगात शिरल्यावर, बाहेरचे काहीच दिसत नसताना, एकीची सवय असलेल्याने दुसरी वाचणे म्हणजे वाक्यातील कर्ता व कर्म यांची अदलाबदल होऊ देणे होय, आणि तसे झाले म्हणजे हात उलट्या दिशेला जाण्याचा संभव असतो.

हातांनाही नवे वळण लावावे लागले. मिगचे पंख त्रिकोणी. वेग कमी होताच विमानाचे नाक बरेच वर धरावे लागे, हवेचा विरोध झपाट्याने वाढे आणि इंजिनाची शक्ती अंगावर ठेवूनच खाली यावे लागे. शक्ती लवकर काढून घेतली तर विमान खाली बसत जाई. शिवाय मिग-२१ चे दोन आसनी रूप भारतात प्रारंभी नव्हतेच. १९६३ च्या मार्च महिन्यात चंडीगड येथे दिलबाग सिंग यांच्याच हाताखाली २८ क्रमांकाचे स्क्वाड्रन उभे राहिले. तेथील वैमानिकास मिगमधले पहिले उड्डाण एकट्यानेच करावयाचे असे. मागच्या आसनावर चूक सावरणारा गुरू नाही, अशी ती परीक्षा होती.

अशा विद्येत प्रावीण्य यावयास काळ लागतो, ही गोष्ट पुढील युद्धांनी दाखविली. १९६५ च्या सप्टेंबरात मिग विमाने थोडी होती व अनुभवही थोडा. ४ सप्टेंबर रोजी वोलेन यांनी सेबरवर सोडलेली क्षेपणास्त्रे लक्ष्यावर बसली नाहीत, आणि दोनच दिवसांनी पठाणकोट येथे दोन मिग जमिनीवरच नष्ट झाली. याच स्क्वाड्रनच्या विमानांनी १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्क्यातील गव्हर्नरच्या निवासस्थानावर अग्निबाणांचा मारा केला. सहा वर्षांचे हे अंतर निव्वळ यंत्रांच्या संख्येने भरून निघाले असे मानणे योग्य होणार नाही.

दरम्यान नाशिकजवळ ओझर येथे मिगचा कारखाना उभा राहिला होता, आणि ही विमाने हवाई दलाचा कणा झाली. पहिल्या तुकडीतील वैमानिक अनुभवी होते. आता मात्र मंद गतीच्या किरणवर शिकलेले तरुण मिगकडे येऊ लागले. मधली पायरी फार उंच होती. १९८२ साली ला फाँतेन समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस केली; हॉक हे तसे विमान बिदर येथे सेवेत दाखल झाले ते २००८ च्या फेब्रुवारीत. ही सव्वीस वर्षे केवळ कागदपत्रांच्या प्रवासाची नव्हती. त्या काळात मिगच्या अपघातांत तरुण वैमानिकांचे बळी जात राहिले. प्रत्येक अपघाताचे कारण शिक्षणातील ही उणीवच होती असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण ती उणीव ठाऊक असूनही इतकी वर्षे राहिली, हे नोंदविणे अवश्य आहे.

१९८५ साली फ्रेंच मिराज-२००० विमाने आली तेव्हा हे चक्र उलट फिरले. मिगवर वाढलेल्या वैमानिकांना आता किलोमीटर सोडून नॉट आणि मीटर सोडून फूट शिकावे लागले. ‘३००’ या आकड्याचा हंटरच्या काळातील अर्थ त्यांच्याकडे परत आला, जरी त्यांच्यापैकी बहुतेकांनी हंटर कधी चालविले नव्हते. मिग-२१ मात्र २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथेच निवृत्त होईपर्यंत सेवेत राहिले.