लोकरीचीं जनावरें आणि खांचांची सुई

कापूस पिंजला तरी तो कातल्यावांचून व विणल्यावांचून त्याचें वस्त्र होत नाहीं. लोकरीला ह्या दोहोंची गरज नाहीं. मेंढीच्या प्रत्येक केसावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी व साबण लावून लोकर चोळली म्हणजे केस एकमेकांत शिरतात, आणि एकदां गुंतले कीं सहसा सुटत नाहींत. नमदा होतो तो असा. दख्खनेंतील जुना बुरणूसहि न विणतां, लोकर दाबूनच करीत.

नमद्याचीं जनावरें करण्याची हौसहि फार प्राचीन. १९४९ सालीं रशियन पुराणवस्तुसंशोधक सर्गेई रुदेन्को ह्यांनीं अल्ताई पर्वतांतील पाझिरिक येथील पांचवें थडगें उकरलें, तेव्हां बर्फांत गोठलेल्या वस्तूंमध्यें नमद्याचे राजहंस निघाले. दोन हजारांहून अधिक वर्षें ते तेथें होते! पण ते घडविलेले नव्हेत. नमदा कापून, आंत भरण घालून शिवलेले. जर्मनींतील गीन्गेन येथील मार्गारेट श्टाइफ ह्या बाईंनीं १८८० च्या सुमारास टांचण्या खोंचून ठेवण्यासाठीं नमद्याचे हत्ती केले आणि मुलांनीं ते खेळावयास पळविले, त्यांचीहि रीत तीच. बालपणींच्या पोलिओनें ह्या बाईंचे पाय कायमचे गेले होते.

पाण्याशिवाय, नुसत्या कोरड्या लोकरीच्या गोळ्यांतून प्राणी घडविणारी सुई मात्र कोणा कलावंतानें शोधिली नाहीं. ती कारखान्यांतून आली. जनावरांचे राठ केस किंवा ताग पाण्यानें नीट जमत नाहीं, म्हणून एकोणिसाव्या शतकांत असे तंतु यंत्रानें टोचून जमविण्याची युक्ति निघाली. ही सुई सुमारें तीन इंच लांब व बहुधा तीन धारांची असते, आणि प्रत्येक धारेवर टोंकाकडे वळलेल्या बारीक खांचा असतात. आंत जातांना खांचा केसांना ओढून नेतात; बाहेर येतांना त्यांना तेथेंच सोडून येतात. यंत्राच्या एका फळीवर अशा हजारों सुया खालीं-वर होतात. मोटारींतील गालिचे व कारखान्यांतील गाळण्याचीं कापडें आजहि अशींच होतात.

तीच एक सुई फळींतून काढून बोटांत धरावी, ही गोष्ट रूढ व्हावयास १९८० नंतरचें दशक उजाडावें लागलें. अमेरिकेंत डेव्हिड व एलिनॉर स्टॅनवुड ह्या दांपत्यानें ती हातीं घेतली. आयला टालपाय ह्यांनीं ती शिकविली व तिच्यावर पुस्तक लिहिलें. डेन्मार्कमध्यें बिर्गिटे क्राग हान्सन ह्यांनीं तिच्यानें मूर्ति घडविल्या. म्हणजे ह्या विद्येला पिढीजाद गुरु नव्हता. सोनाराच्या पोराला जें आजाच्या मांडीवर कळतें, तें येथें शिक्षकांना वर्गांतच बसवावें लागलें.

वर्गांत सांगण्यासारखे नियम थोडे आहेत. सुई ज्या दिशेनें आंत गेली त्याच दिशेनें बाहेर यावी, कारण तिचें पोलाद कडक असतें व तिरपें ओढल्यास काडकन् मोडतें. नजर सुईवरच असावी, नाहींतर रक्त निघालेंच म्हणून समजावें. सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी ती बारीक. आकार छत्तिसाच्या सुईनें बसवितात, सफाई चाळिसाच्या सुईनें करितात. पायाच्या वरच्या टोंकाला मोकळ्या लोकरीचा झुपका राखून ठेवावा लागतो, कारण तोच पुढें धडांत टोचून रुजवावयाचा असतो. हें सर्व पाऊण तासांत सांगून होतें.

अवघड तें पुढेंच. लोकर टोचतां टोचतां आंत बसते, म्हणून आरंभींचा गोळा हव्या त्या आकाराहून बराच मोठा घ्यावा लागतो. किती मोठा, हें लोकरीच्या जातीवर अवलंबून. नवा विद्यार्थी एकाच बाजूनें टोचीत राहतो, मग सशाची पोळी होते व ती खालच्या स्पंजाला चिकटून बसते. गोळा मऊ असतांनाच डोळे, कान लावण्याची त्याला घाई. आणि असें जनावर मुलाच्या हातीं पडतांच दोन दिवसांत विसविशीत होतें. गोळा पुरेसा घट्ट झाला कीं नाहीं, हें शिक्षक चिमटीत दाबून पाहतो, आणि मग शिष्याचीं बोटें त्यावर ठेवून त्यालाहि पाहावयास लावतो. बाजारांत लोकर, सुई व चित्रें घातलेले तयार संच मिळतात. चित्रांत घट्टपणा दिसत नाहीं. संच घेणारीं पुष्कळ मंडळी पहिल्याच मोडक्या सुईशीं थांबतात, ह्यांत नवल तें काय?

बहुतेक वर्गांत परदेशची मऊ लोकर वापरतात. इकडे दख्खनी मेंढीच्या काळ्या, राठ लोकरीला अलीकडे कातरणावळ निघण्याइतकाहि भाव येत नाहीं आणि अनेक धनगरांवर ती टाकून देण्याची पाळी येते. वास्तविक सुईला राठ लोकरीचें वावडें नाहीं. आंतल्या गाभ्याला ती चांगली चालते. वरून पातळ थर मऊ लोकरीचा दिला कीं झालें. तरीहि कांहीं केस बाहेर डोकावतात खरे. पण अस्वल करावयाचें असेल, तर तेंहि वैगुण्य उरत नाहीं.