उपनगरांची निवडणूक आणि एक पुस्तक

निवडणूक संपली की भिंतींवरची पोस्टरे फाटतात, घोषणा विरतात आणि आकडे तेवढे उरतात. कोण जिंकले ते आकडे सांगतात. मतदारापुढे प्रश्न कोणता होता, हे मात्र सांगत नाहीत. ते पुस्तकांनी सांगायचे असते.

थिओडोर व्हाइट या अमेरिकन पत्रकाराचे १९६१ सालचे ‘द मेकिंग ऑफ द प्रेसिडेंट १९६०’ हे असेच पुस्तक. अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायला तिकडे राज्याराज्यांत मतदान होते. वेस्ट व्हर्जिनिया बहुसंख्य प्रोटेस्टंटांचे राज्य. जॉन केनेडी कॅथलिक. तिथले लोक त्यांना आपले मानतील का, हा खरा प्रश्न होता. १० मे १९६० रोजी लोकांनी केनेडींना कौल दिला आणि हम्फ्री शर्यतीतून बाहेर पडले.

आपल्या उपनगरांच्या वाट्यालाही असे एक पुस्तक आले आहे. १९६२ च्या उत्तर मुंबईतील लढतीवर आलू दस्तूर यांनी लिहिलेले ‘मेनन व्हर्सेस कृपलानी’ मुंबई विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन काँग्रेसचे उमेदवार होते. समोर एकेकाळचे काँग्रेस अध्यक्ष आचार्य कृपलानी अपक्ष म्हणून उभे. त्यांच्या पाठीशी प्रजा समाजवादी, स्वतंत्र आणि जनसंघ. मेनन यांच्यासाठी स्वतः नेहरू आले, दिलीपकुमारही सभांतून बोलले. वाद होता तो चीनचा, देशाच्या संरक्षणाचा. मेनन मल्याळी, कृपलानी सिंधी. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तरी लढत गाजली ती सीमेच्या प्रश्नावर. मेनन लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनने हल्ला केला आणि नोव्हेंबरात मेनन मंत्रिमंडळाबाहेर गेले.

१९६७ मध्ये काँग्रेसने मेनन यांना तिकीट नाकारले. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे लवकरच वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवले. १९६६ मध्ये स्थापन झालेली शिवसेना बर्वे यांच्या बाजूने होती. आता प्रश्न बदलला होता : हा माणूस इथला आहे का?

‘तुम्ही इतके चांगले मराठी कसे बोलता?’ असे मला, मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला, अजून विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण माझी भाषा मला घरातूनच मिळाली, हे त्याला सांगावे लागते. म्हणून या दोन निवडणुका मला शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. उपनगर तेच, उमेदवारही तोच. पाच वर्षांत त्याला विचारायचा प्रश्न तेवढा बदलला. तो कोणी बदलला आणि आपण तो कसा मान्य केला, हे मतमोजणीच्या कागदावर सापडणार नाही. आपल्या वाचनालयांत अशी पुस्तके असायला हवीत. पुढच्या वेळी प्रचाराची गाडी गल्लीत आली, तर ती कोणता प्रश्न विचारते आहे, तेवढे आपल्याला ओळखता यावे.