आधी उंची, मग अलाइनमेंट

पिकअप गाडीचे पुढचे टायर एका कडेने झिजू लागले, की चालक थेट व्हील अलाइनमेंटचे दुकान गाठतो. गाडी यंत्रावर चढते, टाय रॉड फिरवून टो जुळवला जातो, पैसे चुकते होतात आणि काही महिन्यांतच टायर पुन्हा ‘खायला’ लागतो. याचे एक सर्रास दुर्लक्षिले जाणारे कारण म्हणजे गाडीच्या पुढच्या भागाची उंची. ती बिघडलेली असेल, तर यंत्रावर जुळवलेले कोन रस्त्यावर जागच्या जागी राहत नाहीत. अलाइनमेंट झाल्यावर कोणी उंचीला हात लावला, तर आधीचे सारे काम वाया जाते.

भांडुपचे टायरशी नाते जुने आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सिएट कंपनीचा टायर कारखाना याच उपनगरात आहे. टायर किती टिकणार, हे मात्र तो कोठे बनला यापेक्षा तो कोणत्या चाकावर आणि कसा उभा आहे, यावर अधिक अवलंबून असते. वाशीच्या बाजारातून ऐरोली पुलावरून येणारा भाजीपाला असो की बांधकामाचे सामान, भांडुपच्या अंतर्गत भागांत तो पोहोचवण्याचे काम प्रामुख्याने छोट्या मालवाहू गाड्या करतात. लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडून पश्चिमेला टेंभीपाडा, हनुमान टेकडी या बाजूंना वळले, की रस्ते चढत जातात. भरलेली गाडी उतारावर ब्रेक लावत खाली येते, तेव्हा वजन पुढच्या चाकांवर सरकते. त्यात पावसाळ्यातील खड्ड्यांची भर पडते. एक-दोन गाड्यांवर संसार चालवणाऱ्या मालकाला टायरची अवेळी खरेदी परवडणारी नसते.

पुढच्या सस्पेन्शनचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. पहिल्यात दोन्ही चाके एकाच आडव्या अॅक्सलला जोडलेली असतात व वजन पाट्यांवर येते. २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एसच्या पुढच्या भागात अशीच रचना होती. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाक वरच्या व खालच्या आर्मवर स्वतंत्रपणे वर-खाली होते आणि वजन कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार पेलतो. टॉर्शन बार म्हणजे पीळ सोसणारी पोलादी सळई. तिचे एक टोक आर्मला आणि दुसरे चेसिसच्या आडव्या पट्टीत बसवलेले असते. या रचनेचे पेटंट फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ मध्ये घेतले. महिंद्रच्या २००२ मधील पहिल्या स्कॉर्पिओतही पुढे टॉर्शन बारच होता.

टॉर्शन बारच्या चेसिसकडील टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की गाडी वर उठते, सैल केला की खाली बसते. ही सोय वापरातून किंचित खाली बसलेली गाडी मूळ उंचीवर आणण्यासाठी दिलेली आहे. अनेक गॅरेजमध्ये मात्र तिचा उपयोग गाडी ‘उचलण्यासाठी’ होतो. बोल्ट आवळल्याने सळई अधिक ताठ होते व जास्त माल पेलते, हा पक्का गैरसमज आहे. सळईची जाडी आणि लांबी तीच राहते, त्यामुळे तिचा ताठपणाही तोच राहतो. बदलते ती फक्त चाकाची जागा. चाकाला खाली जाण्यास उरलेले अंतर कमी होते, खड्ड्यात आर्म लवकर टोकाला जाऊन आदळतो, बॉल जॉइंट वाकड्या कोनात काम करू लागतात आणि हेडलाइटचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो.

उंचीचा अलाइनमेंटशी संबंध येथेच येतो. वरचा आर्म सहसा खालच्यापेक्षा आखूड असतो. त्यामुळे गाडी उचलली की चाकाचा माथा बहुधा बाहेर झुकतो आणि गाडी बसली की आत झुकतो. या झुकावाला कॅम्बर म्हणतात. टाय रॉडचा कोनही बदलतो आणि चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळतात. हा टो बिघडला की टायरचे नुकसान सर्वांत वेगाने होते. समजा, ६५० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर मोजलेला एकूण टो ३ मिलिमीटरने चुकला. मग प्रत्येक पुढचे चाक किलोमीटरमागे सुमारे सव्वादोन मीटर आडवे घासले जाते. दिवसाला शंभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीत ही घासण सव्वादोनशे मीटरवर पोहोचते.

टायरवरूनही बरेच कळते. फक्त आतली कड झिजली असेल तर माथा आत झुकलेला किंवा चाके बाहेर वळलेली असण्याची शक्यता मोठी. टायरवरून आडवा हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर दोष टोचा. दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत असेल तर हवा कमी आहे. तेथे अलाइनमेंटचा संबंध नाही.

कामाचा क्रम म्हणूनच महत्त्वाचा. आधी चारही टायरची हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे भरावी. बॉल जॉइंट, बुश, टाय रॉडचे एंड आणि चाकाच्या बेअरिंगमधील ढिलाई तपासावी. ढिले भाग तसेच ठेवून केलेल्या अलाइनमेंटला अर्थ नाही. त्यानंतर उंची. ती सपाट जमिनीवरच मोजावी लागते. भांडुपच्या चढावर, रस्त्याच्या कडेला जॅक लावून घेतलेले माप फसवे असते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना घेऊन तुलना करता येते, कारण त्यात टायरच्या हवेचा फरक येत नाही. अंतिम आकडा मात्र त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतील पद्धतीनेच घ्यावा. बोल्ट फिरवण्यापूर्वी गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून, खाली भक्कम स्टँड देऊन चाके लोंबकळू द्यावीत. भार असताना बोल्ट आवळल्यास आटे जातात. गाडी खाली उतरवल्यावर ती थोडी पुढे-मागे ढकलावी व बंपरवर दाब देऊन दोन-चारदा हलवावी. असे केले नाही तर टायर जमिनीला धरून राहतात आणि गाडी आहे त्यापेक्षा उंच दिसते. एका बाजूचा बोल्ट फिरवला की दुसऱ्या बाजूचे मापही सरकते, त्यामुळे हे काम घाईत उरकत नाही. उंची ठरली की कॅस्टर व कॅम्बर आणि सर्वांत शेवटी, स्टीअरिंग मध्यावर बांधून टो.

पाट्यांच्या गाडीत उंचीचा बोल्टच नसतो. पाटे बसले असतील तर ते बदलणे किंवा जाणकाराकडून त्यांना पुन्हा कमान देऊन घेणे, एवढाच मार्ग. कॅम्बर अॅक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो. तो बिघडला म्हणजे अॅक्सल वाकल्याची शंका घ्यावी. कॅस्टर पाचर घालून बदलता येतो, टो टाय रॉडवर. जादा पाटा घालून गाडी उंच करणे आणि मग तिच्यात क्षमतेहून अधिक माल भरणे, ही मात्र सरळ धोक्याला दिलेली हाक आहे. पाटा वाढला तरी ब्रेक, अॅक्सल आणि टायर पूर्वीचेच राहतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनुसार जादा वजनासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी दोन हजार रुपये दंड आहे. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला.

अलाइनमेंटनंतर यंत्राचा छापील कागद मागून घ्यावा. त्यात आधीचे व नंतरचे दोन्ही आकडे असतात. ‘नंतर’चे आकडे कंपनीच्या मर्यादेत बसतात का, एवढे मालकालाही पाहता येते. चाचणी घेताना स्टीअरिंग सैल धरल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकली तर लगेच तक्रार करू नये. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो. सपाट पट्ट्यावरही ती जोराने ओढत असेल, तर पुढचे दोन टायर आपसांत बदलून पाहावेत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे. पाटे नवे घातले असतील तर काही दिवसांच्या फेऱ्यांनंतर यू-बोल्ट पुन्हा कसून घ्यावेत आणि टो एकदा तपासावा.