स्मरणाची मुखत्यारी

दफ्तरी कामाचा ज्यांना अनुभव आहे ते जाणतात की, नोंद नसल्यामुळे काम राहून जाणे हा प्रकार विरळा. बहुतेक वेळा नोंद यथास्थित असते, परंतु नेमक्या दिवशी ती उघडून पाहणारा कोणी नसतो. महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांतून जी सहा गठ्ठ्यांची पद्धत रूढ झाली, तिच्यात प्रतीक्षाधीन प्रकरणांना आणि नियतकालिकांना स्वतंत्र गठ्ठे नेमून दिलेले असतात ते याचसाठी, की दुसऱ्याच्या उत्तरावर अडलेले प्रकरण दृष्टीआड होऊ नये आणि ठरावीक मुदतीस धाडावयाचे विवरणपत्र मागे राहू नये. तथापि गठ्ठा सोडणारा हात अखेर कारकुनाचाच असतो, आणि तो रजेवर असला म्हणजे स्मरणपत्रही जागच्या जागी राहते. यादी आणि तगादा यांच्यामधील हा मानवी हात दूर करून ते काम यंत्राच्या स्वाधीन करण्याचा इतिहास जेमतेम अर्धशतकाचा आहे. आणि संगणकाच्या आज्ञावलीचे एक अक्षरही न शिकलेल्या गृहस्थाला ही मुखत्यारी यंत्रास देता यावी, हा त्यातील सर्वांत अलीकडचा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे.

1979 साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथील बेल प्रयोगशाळेने युनिक्स या संगणकप्रणालीची सातवी आवृत्ती प्रसृत केली, तीत कॅलेंडर नावाची एक छोटीशी सोय होती. प्रत्येकाने आपल्या खात्यात त्याच नावाची एक फाइल ठेवावी, तीत साध्या भाषेत कामे लिहावीत, आणि ओळीत कोठेही तारीख घालावी, एवढाच काय तो शिरस्ता होता. त्यानंतर क्रॉन नावाचा घड्याळाच्या हुकुमाने चालणारा प्रोग्राम अपरात्री जागा होई, सर्वांच्या फाइली चाळी, आणि आजची किंवा उद्याची तारीख असलेल्या ओळी निवडून त्या त्या व्यक्तीस टपालाने पाठवी. शनिवार-रविवार आला म्हणजे ‘उद्या’ची व्याप्ती सोमवारपर्यंत वाढविण्याची काळजीही रचनाकारांनी घेतली होती. यादी, वेळ आणि निरोप ही तिन्ही अंगे येथे एकत्र आली होती, आणि टिपण लिहिणाऱ्याकडून कोणत्याही तांत्रिक ज्ञानाची अपेक्षा नव्हती. उणीव होती ती एवढीच, की हे टपाल त्याच संगणकाच्या उदरात राहत असे. ते वाचण्यासाठी माणसाला यंत्रापुढे येऊन बसावे लागे, आणि असे यंत्र त्या काळी प्रयोगशाळा व विद्यापीठे यांच्या बाहेर फारच थोड्यांच्या वाट्याला येई.

निरोप माणसाच्या खिशापर्यंत नेण्याची तजवीज युरोपात झाली. 1985 मध्ये जर्मनीतील बॉन येथे फ्रीडहेल्म हिलेब्रांड या अभियंत्याने टंकलेखन यंत्रावर निरनिराळी वाक्ये व प्रश्न उतरवून त्यांतील अक्षरे मोजली, पोस्टकार्डांवरील व टेलेक्सवरील मजकूर सामान्यतः किती लांब असतो याचा अंदाज घेतला, आणि मोबाइल फोनवरील लघुसंदेशासाठी 160 अक्षरे माणसाला पुरेशी आहेत असा निष्कर्ष काढला. हा लघुसंदेश संभाषणाच्या मार्गाने न जाता, दूरध्वनी आणि मनोरा यांच्यात नियंत्रणाच्या खुणा ज्या मार्गाने जातात, त्या मार्गावरील मोकळ्या जागेतून जाई. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की फोन बंद असला तरी निरोप मध्यवर्ती केंद्रात जपून ठेवला जाई आणि फोन सुरू होताच पोचविला जाई. स्मरण देण्याच्या कामी याहून उपयुक्त गुण दुसरा नाही. 3 डिसेंबर 1992 रोजी नील पॅपवर्थ या तरुण ब्रिटिश अभियंत्याने व्होडाफोन कंपनीचे रिचर्ड जार्व्हिस यांना नाताळच्या शुभेच्छांचा जो पहिला संदेश पाठविला, तो संगणकावरून फोनवर गेला होता, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. पुढे स्वयंचलित स्मरणसंदेशांनी हीच दिशा धरली.

यानंतर अमेरिकेतील दूरध्वनी कंपन्यांनी प्रत्येक मोबाइल क्रमांकाला एक ईमेल पत्ता जोडून दिला. त्या पत्त्यावर धाडलेले पत्र लघुसंदेश होऊन फोनवर उमटे, त्यामुळे ईमेल पाठवू शकणारी कोणतीही कार्यसूची आपोआप संदेशही पाठवू लागली. 2006 मध्ये आलेल्या गूगल कॅलेंडरने लघुसंदेशाने आठवण देण्याची सोय ठेवली, आणि 27 जून 2015 पासून ती बंद केली. स्मार्टफोनच्या पडद्यावरील सूचना आता पुरेशी आहे, असे कारण देण्यात आले. हे कारण मला पटत नाही. पडद्यावरील सूचना ज्याची यादी त्यालाच दिसते. गावी राहणाऱ्या आईला रात्रीच्या गोळीची आठवण मुलाच्या यादीतून जावयाची असेल, आणि आईच्या हाती साधा बटणांचा फोन असेल, तर लघुसंदेशाची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. केनियात एचआयव्हीबाधित 538 रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दर आठवड्यास परिचारिकेकडून केवळ विचारपूस करणारा संदेश ज्यांना जाई, त्यांच्यापैकी 62 टक्के रुग्ण औषधे नियमित घेत असल्याचे आढळले, तर इतरांत हे प्रमाण 50 टक्के होते. ते संदेश हाताने पाठविलेले होते आणि रुग्णाचे उत्तर वाचणारे माणूस पलीकडे बसलेले होते, हे मात्र यंत्रावर भिस्त ठेवणाऱ्याने ध्यानी धरावे.

2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ट्विलिओ ही कंपनी निघाली आणि तिने संदेश पाठविण्याची शक्ती प्रोग्राम लिहिणाऱ्यांना खुली केली. ती इतरांच्या हाती देण्याचे श्रेय दोन उपक्रमांना जाते: 2011 मध्ये सर्वांसाठी खुला झालेला, लिंडन टिबेट्स यांचा इफ्ट, आणि त्याच वर्षी मिसुरी राज्यातील कोलंबिया या गावी तीन मित्रांनी आरंभलेला झॅपिअर. ‘अमुक घडले तर तमुक करावे’ एवढेच वाक्य दोन याद्यांतून निवडून पुरे करावयाचे: एका बाजूस कार्यसूची, दुसऱ्या बाजूस लघुसंदेश. प्रत्यक्ष मांडणी करू लागले म्हणजे मात्र एक खाच लक्षात येते. कार्यसूची बहुधा नवे काम नोंदले गेल्याची वर्दी देते, त्या कामाची वेळ भरल्याची देत नाही. म्हणून सोमवारी लिहिलेल्या शुक्रवारच्या कामाचा निरोप सोमवारीच जाऊन पोचतो. जाणत्यांनी यावर उपाय काढला तो असा, की यादीतील काम आधी कॅलेंडरात उतरू द्यावे आणि तेथील घटनेचा प्रारंभ झाला म्हणजे निरोप सोडावा. शिवाय इफ्ट किंवा झॅपिअर हा मध्यस्थ यादीत काही मिनिटांच्या अंतराने डोकावत असल्यामुळे नेमक्या क्षणाची हमी त्याच्याकडून घेता येत नाही. या मध्यस्थांचे औदार्यही पुढे आवरते झाले. 2020 मध्ये इफ्टने विनामूल्य वापरणाऱ्यास अशी तीनच वाक्ये ठेवण्याची मर्यादा घातली.

आपल्याकडे अडचण निराळ्या कारणाने आली. व्यापारी संदेशांच्या उपद्रवाने लोक त्रस्त झाले होते, आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2018 मध्ये नवे विनियम काढले. पाठविणाऱ्या संस्थेचे नाव, तिचे शीर्षक आणि मजकुराचा साचा यांची आगाऊ नोंदणी आवश्यक ठरली. 8 मार्च 2021 रोजी साचे ताडून पाहण्यास आरंभ होताच बँकांचे परवलीचे संदेशदेखील अडकले आणि ती तपासणी काही दिवस स्थगित करावी लागली. विनियमांचा हेतू योग्य होता यात संशय नाही, परंतु आईला गोळीची आठवण देऊ इच्छिणाऱ्या एकट्या माणसाने संस्थेसारखी नोंदणी करावी हे सुकर नाही. अमेरिकेतही जून 2025 मध्ये एटी अँड टी या कंपनीने ईमेलवरून संदेश पाठविण्याचा आपला जुना मार्ग बंद केला. म्हणून हल्ली पुष्कळ जण मध्यस्थाला वगळून मॅक्रोड्रॉइडसारख्या अ‍ॅपच्या साहाय्याने आपल्याच फोनला, आपल्याच सिमकार्डावरून, ठरल्या वेळी निरोप धाडण्यास सांगतात. त्यातही आज्ञावली लिहावी लागत नाही, फक्त वेळ आणि मजकूर नेमून द्यावा लागतो, आणि तो फोन त्या वेळी सुरू असावा लागतो.

मराठीत निरोप धाडणाऱ्याने आणखी एक हिशेब ठेवावा. हिलेब्रांड यांची 160 अक्षरे रोमन लिपीची. देवनागरीत सामान्यतः एका संदेशात 70 जागा मिळतात, आणि काना, मात्रा, हलन्त या सर्वांची गणना वेगवेगळी होते, त्यामुळे पाच अक्षरी दिसणारा ‘स्मरणपत्र’ हा शब्द नऊ जागा व्यापतो. 70 च्या पुढे मजकूर गेला की संदेशाचे दोन तुकडे पडतात आणि, जेथे प्रत्येक संदेशास मोल पडते तेथे, खर्चही दुप्पट होतो. म्हणून मजकूर आधी वेळ, मग काम, अशा क्रमाने आटोपशीर लिहावा. ‘आई, रात्री ८ ची गोळी जेवणानंतर घे’ हा निरोप, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून, 33 जागांत बसतो.