'सुखाचं मरण' : लॉस अलामॉस, १९४५-४६

नोव्हेंबर १९४५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे जनरल लेस्ली ग्रोव्हज यांची साक्ष झाली. अणुबॉम्ब तयार करणाऱ्या मॅनहॅटन प्रकल्पाचे हे लष्करी प्रमुख. किरणोत्सर्गाने माणूस कसा मरतो हा विषय निघाला, तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की फारसे हाल होत नाहीत. उलट ते मोठं सुखाचं मरण आहे असं म्हणतात. 'म्हणतात' बरं का! कोण म्हणतात? मेलेले तर म्हणत नसणार.

तोवर हिरोशिमाची बातमी होती. मिदोरी नाका ही नटी स्फोटातून वाचून टोकियोला पोचली आणि २४ ऑगस्टला तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात वारली. पण तेवढ्या लांब कशाला जायचं? ग्रोव्हज यांच्याच लॉस अलामॉसमध्ये, साक्षीच्या अडीच महिने आधी, हॅरी डाग्लियन हा चोवीस वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ मेला होता. २१ ऑगस्टच्या रात्री तो प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती टंगस्टन कार्बाइडच्या विटा रचत होता. गोळा मोसंब्याएवढा, वजन सहा किलोंच्या वर. विटा न्यूट्रॉनना परत आत ढकलतात, आणि एका मर्यादेपलीकडे साखळी प्रक्रिया आपोआप भडकते. एक वीट हातातून निसटून गोळ्यावर पडली. त्याने ती दूर केली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पंचवीस दिवसांनी, १५ सप्टेंबरला तो गेला. त्याच्या खाटेशी तासन्‌तास बसणाऱ्यांमध्ये लुई स्लोटिन हा सहकारी होता. कॅनडातल्या विनिपेगचा.

आता शरीरात काय घडतं ते बघू. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, पण इथलं विज्ञान तत्त्वज्ञालाही झोप येऊ देत नाही. उपचार न मिळाल्यास निम्मी माणसं दगावतील एवढी मात्रा, म्हणजे साधारण चार ग्रे, घेतली तर शरीराचं तापमान किती वाढतं? एका अंशाचा हजारावा भाग. गरम चहाचा एक घोट याहून जास्त उष्णता देतो. म्हणजे ही नेहमीच्या अर्थाने भाजण्याची गोष्टच नव्हे. किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. पेशी तत्काळ मरतेच असं नाही, पुष्कळदा ती विभागायची वेळ येईपर्यंत तग धरते. म्हणून आधी कोसळतात त्या सतत नव्याने तयार होणाऱ्या पेशी: अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, त्वचेचा खालचा थर. जुन्या पेशी झिजत जातात, नव्या येत नाहीत. दुकानात माल आहे, कारखाना मात्र बंद पडलाय, असं समजा. म्हणून पहिल्या उलट्या थांबल्या की रोग्याला बरं वाटू लागतं. हे बरं वाटणं फसवं असतं. मग आतडं निकामी होतं, पांढऱ्या पेशी संपतात, जंतूंना रान मोकळं मिळतं.

स्लोटिनला हे सगळं जवळून पाहून ठाऊक होतं. तरी २१ मे १९४६ रोजी तोच गोळा घेऊन तो उभा होता. बेरिलियमची दोन अर्धगोल झाकणं, आणि ती एकमेकांना टेकू नयेत म्हणून मधे एक स्क्रू-ड्रायव्हर! ठोकळे ठेवायची पद्धत होती, ती त्याने बाजूला सारली होती. असंच चालू ठेवलंस तर वर्षभरात मरशील, असं एन्रिको फर्मींनी त्याला बजावल्याचं सांगतात. स्क्रू-ड्रायव्हर घसरला. निळा प्रकाश चमकला, तोंडात आंबट चव आली. डाव्या हाताने त्याने वरचं झाकण उडवून लावलं. खोलीत आणखी सात जण होते. ते जगले यात त्या हाताचा वाटा मोठा. मग कोण कुठे उभं होतं याचा आराखडाही त्याने काढला, म्हणजे कुणाला किती मात्रा लागली ते पुढे मोजता यावं.

बाहेर पडताच उलट्या. मग थोडा आराम. डावा हात सुजला, मोठाले फोड आले. आईवडिलांना विमानाने आणवलं. पाचव्या दिवशी पांढऱ्या पेशी घसरल्या, पुढे आतड्याची हालचाल थांबली, भ्रम झाला, शुद्ध गेली. ३० मेला, नवव्या दिवशी, मृत्यू. वय पस्तीस.

मग स्लोटिन मेला कधी? दाखल्यावर ३० मे. पण त्याचं भवितव्य २१ तारखेच्या दुपारीच ठरलं होतं, आणि ते त्याला कळत होतं. मधले नऊ दिवस तो बोलत होता, आईवडिलांना भेटत होता. त्या दिवसांना काय नाव द्यायचं? 'सुखाचं' म्हणणारे ग्रोव्हज त्या खोलीत फार वेळ बसले असते तर शब्द बदलला असता की नाही, मला शंका आहे. कारण अनुभव सगळ्यांना सारखं शिकवत नाही.

त्यानंतर हाताने करायचे असे प्रयोग बंद झाले. पाव मैलावरून यंत्राने होऊ लागले. स्लोटिनच्या खांद्यामागे अगदी जवळ उभा होता अल्विन ग्रेव्हज. त्याचे केस गेले, पुढे मोतीबिंदू झाला, पण तो वाचला. मार्च १९५४ मध्ये मार्शल बेटांवर ब्राव्हो चाचणी झाली, तिच्या वैज्ञानिक बाजूचा प्रमुख तोच होता. राख रोंगेलाप बेटावर पडली. तिथल्या लोकांना उलट्या झाल्या, कातडी भाजली, केस गळले, आणि त्यांना तिथून हलवेपर्यंत दोन दिवस उलटून गेले होते.