एकच करंडक, अनेक लिलाव : यू मुंबाचे गणित कुठे चुकते?

कोल्हापूर - प्रो कबड्डी लीगमध्ये कोल्हापूरचा स्वतंत्र संघ नाही. त्यामुळे येथील कबड्डीप्रेमी दोन गटांत विभागले गेले आहेत. एक गट मुंबईच्या 'यू मुंबा'चा, तर दुसरा पुण्याच्या 'पुणेरी पलटण'चा. हंगाम जवळ आला, की दोन्ही गटांत जुनीच चर्चा नव्याने रंगते. मुंबाला दुसरे विजेतेपद मिळणार का, कोणाला संघात ठेवायचे, कोणाला सोडायचे आणि लिलावात कोणावर बोली लावायची, हे त्या चर्चेतील नेहमीचे प्रश्न. त्यात एक प्रश्न मात्र खास कोल्हापूरचा असतो. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई मुंबाने २०१९ मध्ये हातचा जाऊ दिला, ते बरोबर होते का? हा प्रश्न एका खेळाडूपुरता नाही. विजेता संघ बोलीने उभा राहतो की घडणीने, हा त्यामागचा खरा वाद आहे.

पहिली तीन पर्वे, तीन अंतिम सामने

प्रो कबड्डी लीगची सुरुवात जुलै २०१४ मध्ये झाली. अनुपकुमारच्या नेतृत्वाखालील यू मुंबाने पहिल्याच पर्वात अंतिम फेरी गाठली. पण ३१ ऑगस्ट २०१४ रोजी जयपूर पिंक पँथर्सने त्यांना ३५-२४ असे हरविले. दुसऱ्या पर्वात मुंबाने कसर भरून काढली. २३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी बंगळूर बुल्सवर ३६-३० अशी मात केली. मार्च २०१६ मध्ये तिसऱ्या पर्वाच्या अंतिम सामन्यात पाटणा पायरेट्सने मुंबाला ३१-२८ असे रोखले.

तीन पर्वे, तीन अंतिम सामने आणि एक विजेतेपद ही कामगिरी तेव्हा इतर कोणत्याही संघाला साधलेली नव्हती. त्या संघाचे बळ केवळ चढाईत नव्हते. अनुपकुमार, शब्बीर बापू आणि रिशांक देवाडिगा हे चढाईपटू होतेच. पण मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा ही कोपऱ्यांतील जोडी समोरच्या चढाईपटूला सहज परत जाऊ देत नसे. पकडीत चौघांनी एकाच क्षणी हालायचे असते. हा मेळ सरावातून येतो आणि सरावाला वेळ लागतो.

२०१६ च्या लिलावात ही वीण उसवली. मोहित छिल्लरला बंगळूर बुल्सने ५३ लाख रुपयांना घेतले आणि तो त्या लिलावातील सर्वांत महागडा खेळाडू ठरला. नाडाही बंगळूरलाच गेला. चौथ्या पर्वात मुंबाला उपांत्य फेरीही गाठता आली नाही. २०१७ मध्ये लीगमध्ये चार नवे संघ आले आणि संघांची संख्या बारा झाली. खेळाडूंची विभागणी आणखी पातळ झाली. त्या पाचव्या पर्वानंतर अनुपकुमारही मुंबाबाहेर पडला आणि एका पिढीचा अंत झाला.

हुंदळेवाडीचा वाघ

सहाव्या पर्वासाठी २०१८ मध्ये झालेला लिलाव कबड्डीच्या इतिहासात वेगळा ठरला. प्रथमच खेळाडूंच्या बोलीने कोटीचा आकडा ओलांडला. मोनू गोयतला हरियाना स्टीलर्सने १ कोटी ५१ लाख रुपयांना घेतले. यू मुंबाने इराणचा बचावपटू फझल अत्राचली याच्यासाठी एक कोटी मोजले. याच लिलावात मुंबाने सिद्धार्थ देसाई या तोपर्यंत लीगमध्ये न खेळलेल्या चढाईपटूला ३६ लाख ४० हजार रुपयांना संघात घेतले.

पुढे जे घडले ते कोल्हापूरकरांना तोंडपाठ आहे. उंच, दणकट शरीराच्या सिद्धार्थने पहिल्याच पर्वात चढाईचे २१८ गुण मिळविले. बचावपटूंना अंगावर घेऊन मध्यरेषेपर्यंत ओढत नेणे ही त्याची खासियत ठरली. तिकडे दीड कोटीचा मोनू गोयत असूनही हरियानाचा संघ आपल्या गटात तळाला राहिला. मुंबाने बाद फेरी गाठली. पण तेथे यूपी योद्धाने त्यांना ३४-२९ असे हरविले.

त्यानंतर मुंबाने सिद्धार्थला कायम ठेवले नाही. एप्रिल २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले आणि तो त्या लिलावातील सर्वांत महागडा खेळाडू ठरला. सिद्धार्थने सातव्या पर्वातही चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळविले. मात्र टायटन्स बारा संघांत अकराव्या स्थानी राहिले. त्याच पर्वात मुंबा सिद्धार्थशिवाय उपांत्य फेरीत पोचली आणि बंगाल वॉरियर्सकडून ३५-३७ अशी अवघ्या दोन गुणांनी हरली.

वादाच्या दोन बाजू

सिद्धार्थला सोडणे चूक होते, असे मानणाऱ्यांचा हात नेमका त्या दोन गुणांवर असतो. सामना अटीतटीचा असताना एकाच चढाईत दोन-तीन गडी टिपणारा खेळाडू हवा असतो आणि तो मुंबाने स्वतः शोधला होता, असे त्यांचे म्हणणे. या बाजूला आणखी एक बळकट दाखला आहे. सातव्या पर्वात अर्जुन देशवाल हा तरुण चढाईपटू मुंबाकडूनच खेळत होता. २०२१ च्या लिलावात जयपूरने त्याला ९६ लाख रुपयांना घेतले. नवव्या पर्वात त्याने चढाईचे २९६ गुण मिळविले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जयपूर विजेते झाले. मुंबाने शोधायचे आणि दुसऱ्याने न्यायचे, असे हे दोनदा घडले.

दुसरी बाजू हिशेबाची आहे. लिलावासाठी प्रत्येक संघाला ठरावीक रकमेची मर्यादा असते. दहाव्या पर्वापासून ती पाच कोटी रुपये झाली. त्यात किमान अठरा खेळाडूंचा संघ बसवायचा असतो. दीड कोटी एकावर घालविले, तर उरलेल्या सतरा जणांसाठी साडेतीन कोटी राहतात. मैदानात मात्र एका वेळी सात खेळाडू उतरतात आणि त्यांतील एकाची पकड झाली, की उरलेल्या सहांवर भार येतो.

या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे तेलुगू टायटन्स. २०२१ मध्ये त्यांनी सिद्धार्थला पुन्हा १ कोटी ३० लाख रुपयांना घेतले. पण दुखापतीमुळे आठव्या पर्वात तो सुरुवातीचेच सामने खेळू शकला. टायटन्सने बावीसपैकी एकच सामना जिंकला. नवव्या पर्वात दोन. दहाव्या पर्वासाठी त्यांनी पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांची विक्रमी बोली लावली. त्या पर्वातही त्यांचे विजय दोनच आणि स्थान पुन्हा शेवटचे, बारावे. २०२५ मध्ये पवन त्यांच्याकडे नव्हता. त्या वर्षी टायटन्स अंतिम फेरीच्या उंबरठ्यापर्यंत पोचले आणि दुसऱ्या 'क्वालिफायर'मध्ये पुण्याकडून हरले.

पुण्याने काय केले?

मुंबाच्या चाहत्यांना सर्वाधिक बोचते ती शेजारची तुलना. पहिल्या दोन पर्वांत पुणेरी पलटण शेवटच्या, आठव्या क्रमांकावर होती. २०१९ मध्ये नितीन तोमरवर १ कोटी २० लाख रुपये खर्चूनही संघ दहावा आला. त्यानंतर पुण्याने वाट बदलली. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे अशा तरुणांना कमी मोबदल्याच्या 'नवोदित खेळाडू' गटातून संघात घेऊन घडविले आणि पर्वामागून पर्व कायम ठेवले. त्यांतील अस्लम अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला, तर आकाश नाशिकचा. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्याकडे नवव्या पर्वापासून सलग तीन पर्वे संघ राहिला.

नवव्या पर्वात पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ अशी हरली. दहाव्या पर्वात तोच गाभा कायम होता. त्यावर त्यांनी इराणच्या महंमदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. १ मार्च २०२४ रोजी पुण्याने हरियानाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद पटकाविले. पराभूत हरियानाच्या संघात सिद्धार्थ देसाईही होता, हा कोल्हापूरसाठी त्या दिवशीचा कडू घास.

म्हणजे पुण्यानेही महागडा खेळाडू घेतलाच की, असा प्रतिवाद मुंबाचे समर्थक करतात आणि तो खोटा नाही. पुढच्याच पर्वात शादलू २ कोटी ७ लाखांना हरियानाकडे गेला. हरियाना प्रथमच विजेते झाले. कर्णधार अस्लमच्या दुखापतीचा फटका बसलेले पुणे बाद फेरीबाहेर राहिले. मग २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने त्याच शादलूसाठी २ कोटी २३ लाख रुपये दिले आणि गुजरातला पहिल्या आठ संघांतही स्थान मिळाले नाही. त्याच वर्षी पुणे शादलूशिवाय पुन्हा अंतिम फेरीत पोचले. तेथे दबंग दिल्लीने त्यांना ३१-२८ असे हरविले. खेळाडू तोच, बोलीही जवळपास तीच. निकाल मात्र तो कोणत्या संघात उतरला यावर ठरला. कळस कितीही सोन्याचा असला, तरी तो देवळावरच चढतो.

मुंबाची सद्दी परत येईल?

आठव्या, नवव्या आणि दहाव्या अशा सलग तीन पर्वांत यू मुंबाला बाद फेरी गाठता आली नाही. अकराव्या पर्वासाठी त्यांनी बचावपटू सुनीलकुमारवर १ कोटी १ लाख ५० हजार रुपये खर्च केले. एक कोटीवर गेलेला तो पहिला भारतीय बचावपटू. जयपूरने २०२२ मध्ये विजेतेपद मिळविले तेव्हा त्यांचे नेतृत्व त्याच्याकडेच होते. या खरेदीने संघ सावरला. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबा बाद फेरीत पोचली. पण पाटण्याने त्यांना ३१-२३ असे बाहेर काढले. २०२५ मध्येही बाद फेरीच्या उंबरठ्यावर पाटणाच आडवा आला.

या दोन पर्वांवरून चाहत्यांत दोन निष्कर्ष निघतात. आशावादी म्हणतात, बचाव उभा राहिला आहे, आता मोठा चढाईपटू घ्या. सावध असलेले म्हणतात, आहे तो संघ दोन वर्षे मोडू नका. बाराव्या पर्वातील नियमबदलाने आशावाद्यांना थोडे बळ दिले. त्या पर्वात प्रत्येक संघाचे अठराच साखळी सामने झाले, विजयाला पाचऐवजी दोन गुण मिळाले आणि पहिल्या आठ संघांना पुढची संधी मिळाली. म्हणजे बाद फेरीचे दार रुंद झाले. करंडक मात्र एकच राहिला आणि दार रुंद झाल्याने पाचव्या-सहाव्या स्थानावरील संघाला विजेतेपदासाठी अधिक सामने जिंकावे लागतात. मुंबासारख्या मधल्या फळीतील संघाला त्यामुळे दिलासा मिळतो, हमी मिळत नाही.

आजवरच्या बारा पर्वांतील अनुभव पाहता लिलावाच्या दिवशी आकड्यांपेक्षा तीन गोष्टींकडे पाहणे उपयोगाचे ठरते. कोपऱ्यांतील जोडी कायम राहिली का? मागच्या पर्वात चमकलेले नवोदित संघातच आहेत का? आणि प्रशिक्षक तोच आहे का? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर महागडी बोली फायद्याची ठरू शकते. नसतील, तर ती चाहत्यांना आठवडाभर आनंद देते आणि पुढे हंगामभर चुकवावी लागते.

खेळाडूची बाजू

या साऱ्या चर्चेत एक बाजू सहसा मागे पडते आणि ती खुद्द खेळाडूची. सिद्धार्थची बोली एका वर्षात ३६ लाखांवरून १ कोटी ४५ लाखांवर गेली. कबड्डीत गुडघा किंवा खांदा एकदा दुखावला, की कारकिर्दीची दिशाच बदलते. सिद्धार्थनेही ते भोगले. त्यानंतर २०२३ मध्ये हरियानाने त्याच्यासाठी पुन्हा एक कोटी मोजले, हे त्याच्या जिद्दीचे फळ. चाहत्याला आवडता खेळाडू एकाच रंगात पाहायचा असतो. खेळाडूला मात्र मोजक्याच वर्षांत आयुष्याची घडी बसवायची असते. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असते.

म्हणूनच मुंबाने सिद्धार्थला सोडले, यात सिद्धार्थचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही. नुकसान झाले असेल तर मुंबाचे, आणि तेही एका चढाईपटूपुरते नव्हे. सापडलेल्या तरुणाभोवती संघ बांधण्याची सवय त्यांनी सोडली आणि शेजारच्या पुण्याने नेमकी तीच उचलली. कोल्हापूरच्या गावोगावी मातीवर कबड्डी खेळणारी मुले आजही आहेत. त्यांतील पुढचा सिद्धार्थ कोणत्या संघाला प्रथम दिसतो, यापेक्षा तो दिसल्यावर कोणता संघ त्याला धरून ठेवतो, याला अधिक मोल आहे. २०१५ नंतर रिकाम्या राहिलेल्या मुंबाच्या कपाटाचे उत्तर तेथेच शोधावे लागेल.