कोरडे तलाव, चार चाके आणि पंक : स्केटबोर्ड व पंक संगीताच्या मैत्रीचा इतिहास (धागा)

१/
गॅरेजमधून मागून आणलेली जुनी बेअरिंगे, त्यांवर ठोकलेली फळी आणि समोर उतार. मोहोपाडा, खोपोली, कर्जत या भागात वाढलेल्या अनेकांना ही बेअरिंगची गाडी आठवत असेल. तिचा कर्कश आवाज गल्लीभर ऐकू जाई आणि मोठी माणसे ओरडत. टाकाऊ वस्तू, उतार, गोंगाट आणि मोठ्यांचा राग या चार गोष्टींतून जगात एक मोठी संस्कृती उभी राहिली. आजचा धागा तिच्याविषयी.

२/
दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात लाटांवर स्वार होणाऱ्या सर्फर मुलांनी, समुद्र शांत असेल त्या दिवसांसाठी, फळीला रोलरस्केटची चाके लावली. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात या खेळाची लाट आली आणि १९६५ नंतर लवकरच ओसरली. चाके कठीण होती. रस्त्यावरचा लहानसा खडाही स्वाराला तोंडघशी पाडण्यास पुरेसा होता.

३/
खेळाला दुसरा जन्म दिला तो रसायनशास्त्राने. फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने व्हर्जिनियातील एका प्लास्टिक कारखान्यात रोलरस्केटसाठी बनवलेली पॉलीयुरेथेनची चाके पाहिली. ती मऊ होती आणि रस्ता धरून ठेवत. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याने ती कॅलिफोर्नियात आणून स्केटबोर्डसाठी विकायला सुरुवात केली. फळी आता घसरत नव्हती, वळत होती. भिंतीवर चढण्याचे स्वप्न पाहणे शक्य झाले ते यामुळेच.

४/
मोहोपाड्याच्या वाचकांसाठी एक लहानसे विषयांतर. पॉलीयुरेथेनच्या कुळातील एमडीआय हे महत्त्वाचे रसायन अॅनिलिन आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून सुरू होणाऱ्या प्रक्रियेने बनते. शेजारच्या रसायनीतील हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीत ही दोन्ही रसायने तयार होत. कॅलिफोर्नियातील चाकांचा आणि इथल्या मालाचा थेट संबंध होता असे मुळीच नाही. पण ज्या औद्योगिक युगाने इथल्या भातखाचरांशेजारी कारखाने आणले, त्याच युगाने तिथल्या मुलांच्या पायाखाली ही चाके दिली.

५/
यानंतर निसर्गाने हात दिला. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात तीव्र दुष्काळ पडला. पाण्यावर निर्बंध आले आणि असंख्य घरांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले. तिथल्या अनेक तलावांचा तळ वाटीसारखा गोलाकार असे. सर्फरच्या नजरेला ती गोठलेली सिमेंटची लाटच दिसली. मुले कुंपणावरून उड्या मारत, तळाशी साचलेले पाणी बादल्यांनी उपसत आणि पोलीस येईपर्यंत स्वारी करत.

६/
यांत आघाडीवर होता सांता मोनिका आणि व्हेनिस यांच्या सीमेवरील 'डॉगटाऊन' या पडक्या किनारी भागातला झेफिर संघ. टोनी अल्वा, जे अॅडम्स, स्टेसी पेराल्टा ही त्यांतील गाजलेली नावे. पेगी ओकी ही संघातील एकमेव मुलगी. १९७५ च्या डेल मार स्पर्धेत ही मुले जमिनीला जवळजवळ टेकून, हात सिमेंटवर घासत वळली. सरळ उभे राहून सुबक कसरती करणाऱ्या जुन्या पद्धतीपुढे ही शैली असभ्य वाटली. तिचे आकर्षणही तेच होते.

७/
आता संगीताकडे वळू. एप्रिल १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडची पहिली तबकडी आली. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनमध्ये सेक्स पिस्टल्सने खळबळ माजवली. रॉक संगीत तोवर श्रीमंत झाले होते : भव्य मैदाने, महागडी वाद्ये, लांबलचक वादन. पंकने सांगितले की तीन कॉर्ड आल्या तरी पुरे, गाणे दोन मिनिटांचे असले तरी चालेल आणि गुरूची वाट पाहण्याचे कारण नाही.

८/
कॅलिफोर्नियातील हर्मोसा बीच येथेही १९७६ मध्येच पुढे ब्लॅक फ्लॅग म्हणून प्रसिद्ध झालेला बँड जमू लागला. म्हणजे दुष्काळ, कोरडे तलाव आणि पंक यांचा काळ एकच. तरीही एकाने दुसऱ्याला जन्म दिला, असे म्हणणे चुकीचे ठरेल. दोन प्रवाह वेगळ्या उगमांतून निघाले. त्यांना एका पात्रात आणले ते पुढच्या संकटाने.

९/
ते संकट विम्याचे होते. १९७६ पासून अमेरिकेत व्यावसायिक स्केटपार्क झपाट्याने उभे राहिले. मुले पडत, हाडे मोडत आणि मालकांवर दाव्यांची टांगती तलवार राही. विम्याचे हप्ते परवडेनासे झाले आणि १९८० च्या सुमारास बहुतेक पार्क बंद झाले. काहींवर तर बुलडोझर फिरला. बाजार आटला, पुरस्कर्ते निघून गेले. मागे उरली ती खेळ सोडूच न शकणारी मुले.

१०/
या उरलेल्यांनी प्लायवूड जमवून परसात स्वतःचे रॅम्प ठोकले. नेमक्या याच काळात मोठ्या कंपन्यांनी दूर ठेवलेले पंक बँड स्वतःच कॅसेट काढत होते, झेरॉक्सवर पत्रिका छापत होते, तळघरांत आणि भाड्याच्या सभागृहांत गात होते. दोघांची अवस्था एक, म्हणून रीतही एक : कोणी देणार नसेल तर आपणच बनवायचे.

११/
मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. प्रतिष्ठित मासिकांच्या दारात ताटकळण्यापेक्षा आपल्याकडच्या तरुण कवींनी अनियतकालिके काढली. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आदींचे 'शब्द' १९५५ चे. साठच्या दशकात ही चळवळ फोफावली. संदर्भ आणि प्रश्न निराळे होते. तरीही स्वतःची जागा स्वतःच घडवण्याचा हट्ट ओळखीचा आहे.

१२/
जानेवारी १९८१ मध्ये सान फ्रान्सिस्कोत 'थ्रॅशर' हे मासिक सुरू झाले. त्यामागे फॉस्टो विटेलो आणि एरिक स्वेन्सन हे स्केटबोर्डची उपकरणे बनवणारे उद्योजक होते. त्यांना ग्राहक टिकवायचे होते, हेही विसरू नये. स्केटच्या छायाचित्रांशेजारी या मासिकाने पंक बँडना जागा दिली आणि १९८३ पासून 'स्केट रॉक' नावाच्या कॅसेट काढल्या. दूरच्या गावात एकटाच फळी घेऊन फिरणारा मुलगा आता घरबसल्या हे संगीत मागवू शकत होता.

१३/
माणसेही दोन्हीकडे तीच होती. अॅरिझोनातील जेएफए या बँडचे सदस्य स्वतः स्केटर. व्हेनिसच्या सुइसायडल टेंडेन्सीज या बँडचा गायक माइक म्यूर हा झेफिर संघातील जिम म्यूर याचा धाकटा भाऊ. किशोरवयात डॉगटाऊनची छायाचित्रे टिपणारा ग्लेन फ्रीडमन पुढे ब्लॅक फ्लॅग आणि मायनर थ्रेट यांची छायाचित्रे काढू लागला. सुइसायडल टेंडेन्सीजच्या पहिल्या तबकडीचा निर्मातादेखील तोच.

१४/
वॉशिंग्टनमध्ये बालमित्र इयान मॅके आणि हेन्री रोलिन्स आधी फळीवर भेटले, मग संगीतात. मॅकेने मायनर थ्रेट हा बँड आणि डिस्कॉर्ड ही ध्वनिमुद्रण संस्था उभी केली. रोलिन्स ब्लॅक फ्लॅगचा गायक झाला. स्केटबोर्डमुळे भोवतालाकडे नव्याने पाहायला शिकलो, असे मॅके सांगत आला आहे. कठडा, पायरी, कोरडा तलाव या वस्तू ज्या कामासाठी बांधल्या, त्याहून वेगळे काम त्यांच्याकडून करून घेता येते. पंकने गिटारच्या बाबतीत हेच केले.

१५/
बंडाची पुढची गोष्ट बाजाराची आहे. १९९५ मध्ये वॉर्प्ड टूर हा फिरता संगीत महोत्सव सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी व्हॅन्स ही बूट कंपनी त्याची पुरस्कर्ती झाली. १९९९ मध्ये टोनी हॉकच्या नावाचा व्हिडिओ गेम आला. ज्या मुलांनी फळीला कधी पाय लावला नव्हता, त्यांच्या कानांत त्या खेळाने डेड केनेडीजसारखे जुने पंक बँड पोहोचवले. हा विजय म्हणावा की पराभव? दोन्ही म्हणता येते. बंड विकले गेले खरे, पण विकले गेल्यामुळेच ते सातासमुद्रापारही गेले.

१६/
टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, स्केटबोर्डिंगला प्रथमच स्थान मिळाले आणि जपानच्या १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने महिला स्ट्रीट प्रकारात सुवर्ण जिंकले. कुंपणावरून उडी मारणाऱ्यांच्या खेळाला राष्ट्रगीताचा मान मिळाला. पुढच्याच वर्षी गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडने याच प्रकारात सुवर्ण मिळवले. पंकची एकही ओळ न ऐकता आज हा खेळ शिकता येतो, आणि त्यात गैर काही नाही.

१७/
मग या मैत्रीतून आज काय घ्यावे? कपडे, केशरचना आणि गोंगाट ही तिची बाह्य खूण. आतला प्रश्न जागेचा आहे. सार्वजनिक जागा कोणासाठी असते, आणि तरुणांना तिथे विनापरवाना रमण्याचा हक्क आहे का? कॅलिफोर्नियाने १९९८ पासून कायद्यात बदल करून नगरपालिकांवरील दायित्वाचा धोका कमी केला. त्यानंतर तिथे सार्वजनिक स्केटपार्क वाढले. म्हणजे संस्कृती केवळ प्रतिभेवर जगत नाही. ती विमा, कायदा आणि सिमेंट यांवरही जगते.

१८/
रसायनीतील त्या सरकारी कारखान्याचे तोट्यातील विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये घेतला. एक युग आले आणि मागे रस्ते, भिंती, आवारे ठेवून गेले. अशा जागांचे पुढे काय करायचे, हे ठरवताना आपण जमिनीचा भाव पाहतो, रोजगार पाहतो, आणि ते पाहायलाच हवे. पण तिथल्या एखाद्या उतारावर बेअरिंगची गाडी घेऊन आलेल्या पोरांना कोणी विचारत नाही.

१९/
कोरड्या तलावाकडे पाहून मालकाला नुकसान दिसले आणि मुलाला लाट दिसली. इतिहासात दोघांची नोंद हवी. आपल्या गावातील अशा एखाद्या विसरलेल्या जागेची आणि तिथे खेळल्या गेलेल्या खेळाची आठवण असेल, तर ती खाली जरूर लिहा. ज्या गोष्टी कोणी लिहून ठेवत नाही, त्या पुढच्या पिढीसाठी घडलेल्याच नसतात.

धागा समाप्त.